तिकडे पाटी लावलेली असते का? (सूर्याची हद्द, व्हॉयेजर आणि हवेवरच्या दुर्बिणी)

चांदणवेडी
रविवार, रात्री १०.४२

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

परवा आम्ही वाईला चाललो होतो. नीरेचा पूल ओलांडला की सातारा जिल्ह्याची पाटी लागते, ती बघून लेकीने (सहावी, दिवसाला चाळीस प्रश्न) विचारलं, आई, ते व्हॉयेजर यान सूर्याच्या हद्दीबाहेर गेलं ना, मग त्याला कसं कळलं बाहेर आलो ते? तिकडे पाटी लावलेली असते का? नवरा म्हणाला टोल भरला असेल. हसलो सगळे, पण खंबाटकी येईपर्यंत मी गप्पच, कारण मलाच नीट सांगता येईना.

घरी आल्यावर दोन रात्री वाचत बसले. समजलं ते असं. सूर्यातून बारा महिने चोवीस तास भारित कणांचा वारा सुटलेला असतो, सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वगैरे. हा वारा सगळीकडे पसरतो आणि ताऱ्यांच्या मधल्या जागेत जो अगदी विरळ वायू आहे त्याला मागे रेटतो. रेटा पुरतो तिथपर्यंत सूर्याचं राज्य, त्याला म्हणायचं हेलिओस्फिअर, आणि रेटारेटी जिथे बरोबरीत सुटते ती कड म्हणजे हेलिओपॉज. व्हॉयेजर १ ने (नासाची व्हॉयेजर १ आणि २ ही जुळी यानं, १९७७ साली निघालेली, त्यातलं पहिलं) ती कड ओलांडली २५ ऑगस्ट २०१२ ला, सूर्य ते पृथ्वी अंतराच्या जवळजवळ १२१ पट लांब.

आता गंमत ऐका. हा वारा मोजायचं जे यंत्र व्हॉयेजर १ वर होतं ते १९८० सालीच बंद पडलेलं! म्हणजे ३५ वर्षं चालून गडी वेशीवर पोचला आणि नेमकं नाक चोंदलेलं. ऑगस्ट २०१२ मध्ये एवढंच दिसलं की सूर्याकडून येणारे कण एकदम धपकन कमी झाले आणि बाहेरचे, आकाशगंगेतून येणारे वैश्विक किरण वाढले. पण चुंबकीय क्षेत्राची दिशा बदलायला पाहिजे होती ती बदललीच नाही. मग शास्त्रज्ञांमध्ये वर्षभर वाद, एक म्हणतो गेलं, दुसरा म्हणतो अजून उंबऱ्यावरच आहे.

शेवटी सूर्यानेच सोडवलं. मार्च २०१२ मध्ये सूर्यावर मोठे स्फोट झाले होते, त्याचा धक्का तेरा महिन्यांनी, एप्रिल २०१३ मध्ये व्हॉयेजरपाशी पोचला आणि तिथला प्लाझ्मा (भारित कणांचा वायू) वाजायला लागला. व्हॉयेजरला १०-१० मीटरच्या दोन मिशा आहेत, त्यांनी ते ऐकलं, सेकंदाला २६०० च्या आसपास कंपनं. आपण कळशी भरायला लावतो आणि न बघता आवाजावरून ओळखतो ना की आता भरत आली, अगदी तसं त्या सुरावरून प्लाझ्मा किती दाट आहे ते काढता येतं. निघाला आतल्यापेक्षा चाळीसेक पट दाट. आत गरम आणि विरळ, बाहेर गार आणि दाट. म्हणजे गडी बाहेर आलेला होता. मग मागे मागे हिशेब करत २५ ऑगस्टवर बोट ठेवलं आणि सप्टेंबर २०१३ मध्ये जाहीर केलं. ओलांडल्यावर वर्षाने कळलं की ओलांडलं!

लेकीला सांगितलं की पाटी नव्हती, आवाजावरून कळलं. तिचं समाधान निम्मंच झालंय. तिला ती कड "दिसायला" हवीय. कोणी सोपं करून सांगाल का? आणि एकूणच हवेच्या वर पाठवलेल्या दुर्बिणींबद्दल इथे लिहा, आदित्य, हबल, वेब, काहीही. विषयांतर चालेल.

पंत
रविवार, रात्री ११.०५

रुमाल टाकून ठेवतो, सकाळी नीट वाचतो. टोल भरला असेल 😂

किरकिऱ्या
रविवार, रात्री ११.३१

लेख चांगलाय पण एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, नाहीतर खाली कोणीतरी "सूर्यमालेच्या बाहेर" लिहिणारच. पेपरवाले २०१३ पासून हेच छापतात. वाऱ्याची हद्द संपली म्हणजे सूर्यमाला संपली असं नाही हो. सूर्याचं गुरुत्वाकर्षण त्याच्या कितीतरी पुढे जातं, धूमकेतूंचा तो ऊर्टचा ढग आहे त्याच्या आतल्या कडेला पोचायलाच व्हॉयेजरला ३०० वर्षं लागतील आणि पार व्हायला ३० हजार. ताईंनी हद्द शब्द वापरलाय तो बरोबर आहे.

बाकी एवढा पैसा वर उडवून नक्की मिळतं काय हा माझा जुना प्रश्न आहेच. जमिनीवर बसून काय कमी दिसतं?

मास्तर_निवृत्त
सोमवार, सकाळी ६.५०

चांदणवेडी ताई, कड बघायची असेल तर स्वयंपाकघरात जा. परात उलटी करून नळाखाली धरा, सपाट ताट असलं तरी चालेल. नळ सोडा, धार बारीक पण सलग पाहिजे. धार पडते तिथून पाणी पातळ, गुळगुळीत, सर्रकन चहूकडे पळतं आणि मग एका गोल रेघेवर अचानक अडखळतं, तिथून पुढे पाणी जाड आणि संथ. ती गोल रेघ नीट बघायला सांगा लेकीला. रेघेच्या आत बोट लावलं तर पाण्याला पत्ता लागत नाही, बोटामागे नुसती चीर पडते. रेघेच्या बाहेर लावलं की सगळीकडे लाटा.

सौरवाऱ्याचं हेच होतं. सुरुवातीला आवाजापेक्षाही वेगाने सुटलेला असतो, मग बाहेरच्या वायूचा दाब जाणवायला लागला की एका जागी एकदम मंदावतो, दाटतो, तापतो. त्या जागेला टर्मिनेशन शॉक म्हणतात. व्हॉयेजर १ ला तो लागला डिसेंबर २००४ मध्ये, ९४ एककांवर (एक एकक म्हणजे सूर्य ते पृथ्वी). व्हॉयेजर २ ला ऑगस्ट २००७ मध्ये, ८४ वर. तुम्ही म्हणता ती हद्द त्याच्याही पुढे, जिथे परातीतलं हे संथ पाणी बाहेरच्या पाण्याला भिडतं.

मी शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण हे मला निवृत्तीनंतर भांडी विसळताना दिसलं. सौ. म्हणाल्या चला, उपयोग झाला.

अंजू_नाशिक
सोमवार, सकाळी ८.१५

मास्तर काका _/\_ आत्ता करून बघितलं! रोजचं बेसिन आणि रोजची परात आणि इतकी वर्षं लक्षच गेलं नाही. डबा करायचा राहिला तो राहिलाच.

माझा पण एक बाळबोध प्रश्न. वेबचे फोटो इतके रंगीत असतात ते खरे रंग असतात का? आमच्या ग्रुपवर एकाने टाकलं होतं की सगळं कॉम्प्युटरवर रंगवलेलं असतं म्हणून.

कॅनबेराकर
सोमवार, सकाळी ९.०२

माझ्या घरापासून व्हॉयेजरचा कान गाडीने पाऊण तासावर आहे म्हणून लिहितो. कॅनबेराजवळ टिडबिनबिला म्हणून दरी आहे, तिथे ७० मीटर व्यासाची अँटेना आहे, नाव डीएसएस ४३. अशा मोठ्या अँटेना जगात तीन ठिकाणी, कॅलिफोर्नियात, माद्रिदजवळ आणि इथे. व्हॉयेजर २ दक्षिणेकडे खाली गेलंय त्यामुळे त्याला आज्ञा पाठवायची तर फक्त इथूनच जाते, दुसरीकडून पोचतच नाही.

आई-बाबा पुण्याहून आले होते तेव्हा नेलं होतं. आत शिरताना मोबाईल बंद करायला लावतात, कारण तिकडून येणारा सिग्नल इतका क्षीण की आपला खिशातला फोन त्याच्यापुढे म्हणजे देवळात लाऊडस्पीकर. व्हॉयेजरचा ट्रान्समीटर २०-२२ वॅटचा, म्हणजे फ्रिजमधल्या दिव्याएवढा. बाबा बराच वेळ त्या ताटलीकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "आणि आपल्याकडे जिन्यात रेंज येत नाही." मागे कांगारू चरत होते.

जुलै २०२३ चा किस्सा माहीत असेल. व्हॉयेजर २ ला एक चुकीची आज्ञा गेली आणि त्याची अँटेना पृथ्वीपासून फक्त २ अंश बाजूला वळली. २ अंश! संपर्क बंद. मग इथल्या अँटेनातून पूर्ण ताकदीने हाक मारली, अक्षरशः ओरडले, की बाबा रे तोंड इकडे कर. हाक पोचायला साडेअठरा तास, उत्तर यायला साडेअठरा. म्हणजे ३७ तास नुसतं बसायचं. ४ ऑगस्टला उत्तर आलं.

आणि हो, व्हॉयेजर २ चं वाऱ्याचं यंत्र तेव्हा चालू होतं, त्यामुळे ५ नोव्हेंबर २०१८ ला त्याने हद्द ओलांडली तेव्हा वादच नाही, वारा पडला तो सरळ आकड्यात दिसला. पाटी वाचून गेलं म्हणा ना.

पंत
सोमवार, सकाळी ९.२०

देवळात लाऊडस्पीकर 👌 धाग्याची वाचनखूण साठवली.

टूलरूमवाला
सोमवार, दुपारी १.१०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, भोसरीत टूलरूमला आहे, तेवीस वर्षं झाली. मला ताऱ्यांतलं काही कळत नाही पण हबलच्या आरशाची गोष्ट मी प्रत्येक नवीन अप्रेंटिसला सांगतो.

१९९० च्या एप्रिलमध्ये हबल वर गेली. आरसा २.४ मीटरचा, त्या काळातला जगातला सगळ्यात गुळगुळीत म्हणायचे. फोटो आले तर धुरकट. तपासलं तर आरशाचा कडेचा आकार २.२ मायक्रॉनने चुकलेला. केसाचा पन्नासावा भाग म्हणा. आता आमच्याकडे २ मायक्रॉनला साहेब पाठ थोपटतो, पण प्रकाशाच्या हिशेबात ते खूप झालं. आणि मुद्दा हा की घासणाऱ्याची चूक नव्हती. घासकाम एक नंबर. गेज चुकलेलं!

आरसा घासताना आकार बरोबर येतोय का बघायला एक लेन्स आणि आरशांचं गेज होतं. त्यातली एक लेन्स १.३ मिलिमीटरने खाली बसली होती. कशामुळे, तर अंतर मोजायच्या दांडीच्या टोपीवरचा काळा रंग थोडा उडाला होता, लेझर दांडीच्या टोकाऐवजी त्या टोपीवरच आपटून परत आला. जुळेना म्हणून खाली वॉशर घातले. अरे देवा, वॉशर! जुळत नाही म्हणून शिम मारायचा हा रोग जगभर एकच दिसतोय. आणि दुसरी दोन साधी गेजं होती ती ओरडून सांगत होती की आरसा चुकलाय, पण त्यांना म्हटलं तुम्ही कमी अचूक, तुम्ही गप्प बसा. मास्टरच चुकला की सगळा लॉट बरोबर दिसतो आणि सगळा बाद असतो.

नशिबाने हबल जवळ होती, पाचेकशे किलोमीटर वर. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर गेले आणि बारक्या आरशांचा चष्मा बसवून आले. चूक अगदी नेमकी माहीत होती म्हणून तेवढीच उलटी चूक चष्म्यात घालता आली. गेज जपून ठेवलं होतं म्हणून ते शक्य झालं, हे पण अप्रेंटिसला सांगतो. बाद गेज भंगारात टाकू नका, टॅग लावून ठेवा.

वेबला ही सोय नाही, ती १५ लाख किलोमीटरवर. म्हणून तिचा साडेसहा मीटरचा आरसा अठरा तुकड्यांचा आणि प्रत्येक तुकड्याच्या मागे सात छोट्या मोटरी, वर गेल्यावर जमिनीवरून तुकडा तुकडा हलवून सेट केला. सेटिंगला वाव ठेवला की काम सुटतं.

सुट्टी संपली.

किरकिऱ्या
सोमवार, दुपारी २.२५

हा प्रतिसाद आवडला. पण माझा प्रश्न कुठे गेला? जमिनीवर काय वाईट आहे?

नारायणगावकर
सोमवार, संध्याकाळी ६.४०

किरकिऱ्या भाऊ, तुमचा प्रश्न मला आपला वाटला, कारण मी जमिनीवरच्या पार्टीचा. आमच्या शिवाराला लागून खोडदची जीएमआरटी, रेडिओ दुर्बीण. ४५ मीटरच्या तीस ताटल्या, २५ किलोमीटरमध्ये पसरलेल्या, गोविंद स्वरूप सरांचं काम. द्राक्षाच्या बागेत उभं राहिलं की एक ताटली कायम दिसते, लहानपणी आम्ही तिच्यावरून दिशा सांगायचो.

तर जमिनीवरून काय दिसतं आणि काय नाही हे हवा ठरवते. हवा म्हणजे चाळण नाही, खिडक्या असलेली भिंत आहे. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाला एक खिडकी, रेडिओ लहरींना एक मोठी खिडकी, त्यातूनच आमची जीएमआरटी बघते. इन्फ्रारेडचा बराचसा भाग हवेतली वाफ खाते, अतिनील ओझोन खातो (खातो म्हणून आपण जिवंत आहोत) आणि एक्स-रे तर वरच्या वर संपतात, एक्स-रेवाल्याला जमिनीवर आंधळाच म्हणा. म्हणून हे वर आणि ते खाली. भांडण नाही यात. जीएमआरटी वर पाठवली असती तर फालतू खर्च झाला असता, आणि एक्स-रेची दुर्बीण खोडदला लावली असती तर तोही फालतूच.

टूलरूमवाले भाऊ, तुमच्यासाठी एक. एक्स-रे साध्या आरशावर सरळ मारला तर आरशात घुसतो. मग काय करायचं, तर आपण विहिरीवर, तळ्यावर चपट्या दगडाने भाकऱ्या काढायचो ना, दगड अगदी आडवा मारायचा म्हणजे बुडत नाही, टप्पे घेतो. तसा एक्स-रे अगदी आडवा, आरशाला घासून जाईल असा घ्यायचा. त्यामुळे त्या दुर्बिणीचे आरसे ताटलीसारखे नसतातच, एकात एक घातलेल्या नळकांड्यांसारखे असतात. १९९९ ची चंद्रा दुर्बीण अशीच, आपल्या खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावर पण अशी एक आहे, कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने केलेली.

टूलरूमवाला
सोमवार, रात्री ८.५५

नळकांड्याच्या आतल्या बाजूला आरशाचं फिनिश? कोण करतं हो हे काम, मला त्याचे पाय धरायचेत.

चांदणवेडी
सोमवार, रात्री ९.३०

अरे किती भारी भारी प्रतिसाद! ऑफिसमधून चोरून वाचत होते.

अंजू, रंगांबद्दल मला जे पटलं ते सांगते. वेब इन्फ्रारेडमध्ये बघते, आपल्या डोळ्यांना ते दिसतच नाही, म्हणजे "खरा रंग" असा प्रश्नच उरत नाही. मग काय करतात, त्यातल्या त्यात आखूड लहरींना निळा देतात, लांब लहरींना तांबडा, मधल्यांना मधले. गाणं काळी चारचं आहे, आपला गळा पांढरी एकचा, तर पट्टी खाली उतरवून म्हणतो, चाल तीच राहते की नाही? तसं. रंगवलेलं म्हणणाऱ्याला विचारा की पट्टी बदलली तर गाणं खोटं होतं का.

अ‍ॅस्ट्रोसॅटचा विषय निघालाच आहे तर. २८ सप्टेंबर २०१५ ला गेली, ६५० किलोमीटर वर. तिच्यावर अतिनील प्रकाशाची जोडदुर्बीण आहे, आरसे फक्त ३८ सेंटीमीटरचे, म्हणजे आपल्या घरच्या ताटाएवढे म्हणा. ऑक्टोबर २०१६ मध्ये हबलने आधीच खूप खोल पाहिलेल्या एका आकाशाच्या तुकड्याकडे तिने २८ तास टक लावली आणि तिथल्या एका दीर्घिकेतून येणारा अतितीव्र अतिनील प्रकाश पकडला. ९३० कोटी प्रकाशवर्षं लांब! पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेतले कनक साहा आणि सहकारी यांचं काम, २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. २.४ मीटरच्या हबलला जे सापडलं नाही ते ३८ सेंटीमीटरला कसं सापडलं, तर हिच्या कॅमेऱ्यात आपली स्वतःची खरखर फार कमी होती. गोंगाट कमी असला की पुटपुटणं ऐकू येतं. मला हे हबलच्या सगळ्या रंगीत फोटोंपेक्षा जास्त आवडलं, पक्षपात आहे, असू दे.

किरकिऱ्या
सोमवार, रात्री १०.१०

ठीक आहे, हवेचं पटलं. पण सूर्य तर डोक्यावरच आहे, आदित्य पाठवून काय वेगळं मिळालं? आणि पैशाचं कोणीच बोलत नाहीये.

मास्तर_निवृत्त
मंगळवार, सकाळी ६.३०

किरकिऱ्या, तुम्ही माझ्या वर्गात असता तर पहिल्या बाकावर बसवलं असतं, म्हणजे इतरांना त्रास कमी.

पैशाचं बोलू. १३ मार्च १९८९ ला सूर्याच्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेकची वीज घालवली, ६० लाख लोक, नऊ तास, आणि तिकडे तेव्हा कडाक्याची थंडी. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह वर सोडले आणि त्यातले ३८ तसल्याच वादळाने वातावरण फुगल्यामुळे खाली येऊन जळाले, तेही वादळ फार मोठं नव्हतं.

आता आदित्य, आपलं सूर्य बघणारं यान. २ सप्टेंबर २०२३ ला निघालं, ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वी आणि सूर्याच्या मधल्या एल-१ बिंदूभोवतीच्या फेरीत बसलं, आपल्यापासून १५ लाख किलोमीटर सूर्याच्या बाजूला. तिथे रात्र नाही, ग्रहण नाही. आणि हिशेब करा. वारा सेकंदाला ४०० किलोमीटर, अंतर १५ लाख. ३७५० सेकंद, म्हणजे तासाभराला थोडं जास्त. वारा आदित्यला आधी लागतो आणि आपल्याला तासाभराने. वादळ हजारच्या वेगाने आलं तर पंचवीस मिनिटं. वेशीवरचा रामोशी आहे तो, हाळी देणारा.

चांदणवेडी
मंगळवार, दुपारी १२.४५

आणि आदित्यवरचा सूट नावाचा कॅमेरा आपल्या पुण्याचा बरं का, आयुकाचा. दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली झाला. सूर्याची पूर्ण तबकडी २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात टिपतो, अकरा वेगवेगळे फिल्टर लावून. नारायणगावकर म्हणतात तो ओझोन, त्याच्यामुळे यातलं बरंचसं जमिनीवरून दिसूच शकत नाही. २२ फेब्रुवारी २०२४ ला सूर्यावर मोठा स्फोट झाला, एक्स ६.३ दर्जाचा (एक्स म्हणजे सगळ्यात वरचा गट), तो यात पकडला गेला.

विज्ञान दिनाला आयुका सगळ्यांना खुलं असतं तेव्हा गेलो होतो, ऊन मी म्हणत होतं, रांग बाहेरपर्यंत. सूर्य बघायला उन्हात उभं राहायचं म्हणून नवरा कुरकुरत होता.

शेपटीवाला
मंगळवार, रात्री ११.२०

सूर्य म्हणालात म्हणून आलो. मी रोज रात्री सूर्य बघतो. सोहो नावाची दुर्बीण आहे, डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेली, त्याच एल-१ पाशी, तिच्या एका कॅमेऱ्यात सूर्याच्या तबकडीवर चकती धरलेली असते म्हणजे भोवतालचा मंद प्रभामंडल दिसतो, आपण उन्हात डोळ्यांवर हात धरतो तसं. ते फोटो सगळ्यांना फुकट बघायला मिळतात. त्यात सूर्याजवळ घुसणारे बारके धूमकेतू दिसतात आणि ते शोधणारे बहुतेक माझ्यासारखे घरबसले लोक. मार्च २०२४ मध्ये पाच हजारावा सापडला. सूर्य बघायला पाठवलेली दुर्बीण आणि जगातली सगळ्यात जास्त धूमकेतू सापडवणारी ठरली, कोणी ठरवून केलं नव्हतं.

माझा स्कोअर सांगतो, हसू नका. चार वर्षांत तीन रिपोर्ट. पहिला म्हणजे वैश्विक किरण कॅमेऱ्यावर आपटून पडलेला ठिपका. दुसरा खरा धूमकेतू, पण एकाने माझ्या चाळीस मिनिटं आधी कळवलेला, मी चहा करायला उठलो होतो. तिसरा... बुध ग्रह. हो, बुध. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

ती चकती जितकी लांब तितकी चांगली, म्हणून आता युरोपवाल्यांनी दोन यानं पाठवलीत, प्रोबा-३, ५ डिसेंबर २०२४ ला आपल्याच श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीवर गेली. एकावर चकती, दुसऱ्यावर कॅमेरा, मध्ये दीडशे मीटर अंतर आणि दोघं रांगेत उडतात. हवं तेव्हा खग्रास.

अंजू_नाशिक
बुधवार, सकाळी ७.५५

बुध 🤣🤣 सकाळ झाली माझी.

टूलरूमवाला
बुधवार, दुपारी १.०५

दीडशे मीटरवर दोन यानं अलाइन? किती टॉलरन्स?

शेपटीवाला
बुधवार, दुपारी १.३०

मिलिमीटरमध्ये.

टूलरूमवाला
बुधवार, दुपारी १.३२

बरं. मी राजीनामा देतो.

कॅनबेराकर
बुधवार, दुपारी ३.४०

वाऱ्याचा विषय आहे तर युजीन पार्करचं नाव यायलाच पाहिजे. १९५८ मध्ये तिशीतल्या या माणसाने गणित मांडलं की सूर्यातून सतत वारा सुटलेला असणार. लेख पाठवला, दोन्ही परीक्षकांनी बाद ठरवला. त्या नियतकालिकाचे संपादक होते वर नारायणगावकरांनी उल्लेख केलेले चंद्रशेखर. त्यांनाही कल्पना पटली नव्हती म्हणतात, पण गणितात चूक काढता येईना, म्हणून परीक्षकांना डावलून छापला. चार वर्षांनी, १९६२ मध्ये, शुक्राकडे निघालेल्या मरीनर २ ला वाटेत तो वारा सतत लागत राहिला.

मग २०१८ च्या ऑगस्टमध्ये पार्करच्या नावाचं यान सूर्याकडे निघालं तेव्हा ते स्वतः ९१ वर्षांचे, उड्डाण बघायला हजर. २४ डिसेंबर २०२४ ला ते यान सूर्यापासून ६१ लाख किलोमीटरवरून गेलं, ताशी ६ लाख ९० हजार किलोमीटर वेगाने. पुढे साडेअकरा सेंटीमीटर जाडीची कार्बनची ढाल, ढालीचा पुढचा भाग हजार अंशाच्या आसपास तापलेला आणि मागे सावलीत यंत्रं घरातल्या तापमानाला. पार्कर तोपर्यंत नव्हते, मार्च २०२२ मध्ये गेले.

म्हणजे वाऱ्याच्या एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला व्हॉयेजर. मधलं सगळं आपलं घर.

किरकिऱ्या
बुधवार, रात्री ९.१५

चंद्रशेखरांचा किस्सा माहीत नव्हता. पटत नाही पण चूक काढता येत नाही म्हणून छापला. असे संपादक आता मिळत नाहीत.

एक शंका, किरकिर नाही. व्हॉयेजर दोनच आणि ती पण दोन ठिकाणी बाहेर पडली. एवढ्या मोठ्या फुग्याचा आकार दोन भोकांवरून कसा कळणार?

कॅनबेराकर
गुरुवार, सकाळी ८.३०

बरोबर पकडलंत. फुग्याचा आकार नक्की कसा यावर अजून एकमत नाही, शेपूट लांब आहे की गोळा आहे यावर भांडणं चालू आहेत. त्यासाठी दुसरी युक्ती आहे. हद्दीजवळ वाऱ्यातला भारित कण बाहेरून आलेल्या साध्या अणूचा इलेक्ट्रॉन हिसकावतो आणि स्वतः साधा अणू होतो. मग चुंबकीय क्षेत्र त्याला वळवू शकत नाही, तो निघाला त्या दिशेने सरळ जातो, त्यातले काही आपल्याकडे परत येतात. ते मोजले की घरात बसून कुंपणाचा नकाशा. २००८ मध्ये आयबेक्स नावाचा बारका उपग्रह यासाठी गेला आणि त्याला आकाशात अणूंचा एक पट्टाच दिसला, जो कोणाच्याही गणितात नव्हता. आता २४ सप्टेंबर २०२५ ला आयमॅप गेलंय, त्याच एल-१ कडे, दहा यंत्रं घेऊन. आदित्यला शेजार झाला.

चांदणवेडी
शनिवार, सकाळी ११.१०

मंडळी, अपडेट. लेकीने मास्तर काकांचा परातीचा प्रयोग केला, नुसता केला नाही तर पट्टी घेऊन मोजलं. नळ बारीक सोडला तर रेघ धारेपासून तीन सेंटीमीटरवर, जास्त सोडला तर सहावर. मग स्वतःच म्हणाली, आई, म्हणजे सूर्याने नळ कमीजास्त केला तर हद्द पण आतबाहेर होत असणार. मी म्हटलं हो, सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र असतं, त्याच्याबरोबर होते. तर म्हणे मग ते ९४ आणि ८४ त्याच्यामुळेच का? मास्तर काका, हे तुम्हीच घ्या.

मास्तर_निवृत्त
शनिवार, सकाळी ११.४०

अर्धे गुण! थोडं त्याच्यामुळे, थोडं फुगा सगळीकडून सारखा फुगलेला नाही म्हणून. दोन्ही यानं वेगवेगळ्या दिशेला आणि वेगवेगळ्या वर्षी गेली ना. तिला सांगा परात जराशी तिरकी धरून परत मोज, रेघ गोल राहत नाही, एका बाजूला लांबते. मग मला दोन्ही बाजूंचे आकडे पाठव.

चांदणवेडी
शनिवार, सकाळी ११.५२

सांगितलं. पण आमच्याकडे पाणी साडेअकरालाच जातं, आता उद्या सहाला येईल. ती गजर लावून बसलीय.